मदत हवी आहे: मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारण्याचा अधिकार नेमका कुणाचा? राष्ट्रपतींचा का?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या सेमिनारसाठी 'निरंकुश सत्ता आणि भारताचे राष्ट्रपती' असा विषय घेतलाय आणि एका कलमावर गाडी अडलीय. कायद्याच्या किंवा राज्यशास्त्राच्या जाणकारांनी जरा हात द्यावा.

हॉब्ज आणि लॉक हे दोन इंग्रज राजकीय विचारवंत वाचून झाले. हॉब्जचं म्हणणं पटो न पटो, सरळ आहे: अखेरचा शब्द एकाचाच हवा, नाहीतर माणसं एकमेकांच्या उरावर बसतील. लॉक विचारतो, मग त्या एकाला आवरणार कोण? (अडचणीच्या वेळी कायदा सोडून वागायची मुभा मात्र तोही राज्यकर्त्याला देतोच!)

आता आपली घटना. कलम 53 नुसार केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे, तिन्ही दलांचं सरसेनापतिपदही त्यांचंच. कलम 74 म्हणतं, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. 1978 च्या 44व्या दुरुस्तीपासून सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पुन्हा आला की मानावाच लागतो. अभ्यासिकेतला दोस्त म्हणतो, "मग रबर स्टॅम्पच की बे!" मला तेवढं सोपं वाटत नाही. राष्ट्रपती झैलसिंगांनी टपाल दुरुस्ती विधेयकावर सही केली नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. विधेयकाला संमती देण्याच्या कलम 111 मध्ये मुदतच नाही ना! उलट 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली, आणि मंत्रिमंडळाची मंजुरी आली दुसऱ्या दिवशी सकाळी. ती पळवाट 44व्या दुरुस्तीनं बुजवली; आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय आणीबाणीची घोषणा नाही.

माझं घोडं अडलंय ते कलम 34 वर. एखाद्या भागात मार्शल लॉ असताना सुव्यवस्थेसाठी जे काही केलं गेलं, त्याबद्दल संसद कायदा करून संबंधितांना अभय देऊ शकते, दिलेल्या शिक्षाही वैध ठरवू शकते. पण तो पुकारायचा कुणी, किती दिवस? घटनेत एक ओळ नाही. आणीबाणीच्या कलम 352 मध्ये राष्ट्रपती आहेत, संसदेची मंजुरी आहे, मुदत आहे. इथं फक्त मागाहून निस्तरायची सोय.

सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोड. सोलापुरात राहून कसं सोडू? मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळलं, गोळीबार झाला आणि इथं मार्शल लॉ लागला. आधी लष्कराचा अंमल, व्हाइसरॉयचा वटहुकूम त्याच्या मागून. कलम 34 ची घडण मला अगदी तशीच दिसते.

तर विचारायचंय ते असं. हा अधिकार 53(2) च्या सरसेनापतिपदातून येतो, की 'गरज पडली म्हणून' या न लिहिलेल्या तत्त्वातून? पहिलं उत्तर खरं असेल तर 74 लागू होतं, म्हणजे राष्ट्रपती निदान एकदा तरी फाइल परत पाठवू शकतात. दुसरं असेल तर त्यांना विचारायचीही गरज उरते का?

शिवाय आणीबाणीतही कलम 20 (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) साठी कोर्टात जाण्याचा हक्क आता निलंबित करता येत नाही. पण 34 ची सुरुवातच आधीच्या तरतुदी बाजूला ठेवून होते. मग अभय देणाऱ्या कायद्यापुढे 21 टिकतं का?

सर्वोच्च न्यायालयाचे शमशेर सिंग (1974) आणि बोम्मई (1994) हे निकाल चाळलेत, त्यांत हे सापडलं नाही. नेमका निकाल किंवा संविधान सभेतली चर्चा कुणाला ठाऊक असेल तर तारखेसकट सांगा. गाइडमधली उत्तरं नकोत, ती माझ्याकडे आहेत.