मॉरिशस, ऑगस्ट, सात रात्री: काय बघावं आणि कुठल्या क्रमानं?

पाऊलवाट

१५ ऑगस्टला जोडून सात रात्री मॉरिशस. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सत्तरीतले आईबाबा. आईचे गुडघे कुरकुरतात. सपाटीला तासभर चालते, पायऱ्या नकोत. हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला. पाचातले तीन शाकाहारी.

टूरवाल्यानं "नॉर्थ टूर, साऊथ टूर, इल ओ सेर्फ" एवढं लिहून दिलंय, उरलेले दिवस मोकळे. माझे प्रश्न:

क्रम हाच ठेवावा का? गाडी स्वतः चालवावी की ड्रायव्हर घ्यावा? इल ओ सेर्फ बेटावर आईबाबांना न्यावं का? ल मॉर्नचा डोंगर मला एकट्याला चढायचाय, अर्ध्या दिवसात होतो का? आणि तो व्हिडिओतला "समुद्रातला धबधबा" नेमका कुठून दिसतो?

खारा_वारा

आधी घरच्यांना सांगा की ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. नाहीतर बॅगा नुसत्या बर्म्युडा आणि टोप्यांनी भरतात आणि गंगा तलावावर सगळे कुडकुडत उभे राहतात. किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश, समुद्राचं पाणी २२-२३. पठारावर मात्र ढग, भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. प्रत्येकाला एक स्वेटर आणि एक पातळ विंडचीटर हवंच.

क्रम ठरवताना यादी नको, वारा बघा. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, मधोमध पठार. हिवाळाभर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, पठारावर चढतात, तिथे ढग होतात आणि पाऊस पडतो. पश्चिमेला उतरेपर्यंत ते कोरडे झालेले असतात. महाबळेश्वर आणि वाई यांचंच गणित, फक्त दिशा उलटी. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि तुमच्या हॉटेलच्या बाजूला ९०० च्या आसपास. त्यामुळे हॉटेलच्या खिडकीतून ऊन दिसतंय म्हणून वर ऊन असेल असं धरू नका, आणि वर धुकं लागलं म्हणून दिवस वाया गेला असंही नाही. अर्ध्या-पाऊण तासात खाली उन्हात येता.

म्हणून "साऊथ टूर"चा वार आधी पक्का करू नका. पहिल्या चार दिवसांत ज्या सकाळी आतले डोंगरमाथे स्वच्छ दिसतील त्या सकाळी आठच्या आत निघा. दुपारकडे ढग माथ्यावर येऊन बसतात. वाट अशी:

आधी गंगा तलाव. पहाडात साठलेलं जुन्या ज्वालामुखीच्या मुखातलं पाणी, बाहेर १०८ फुटी मंगल महादेव. देवळात अनवाणी जावं लागतं आणि फरशी ओली, गार असते. आईबाबांसाठी मोज्यांचा जास्तीचा जोड ठेवा. माकडं धीट आहेत, प्रसादाची पिशवी उघड्यावर धरू नका. तिथून पेत्रँवरून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यूपॉइंट. पार्किंगपासून कठड्यापर्यंत थोडंच अंतर आहे, आईंना जमेल. पुढे अलेक्झांड्रा धबधबा, पंधरा मिनिटं पुरेत. मग शामारेल.

शामारेलला एकाच फाटकाच्या आत धबधबा आणि सात रंगांची माती. धबधबा साधारण १०० मीटरचा, वरच्या कठड्यावरून छान दिसतो. खालच्या जागेला पायऱ्या आहेत, आईंना वरच थांबवा. रंगीत मातीबद्दल अपेक्षा बेताची ठेवा: फोटोत वाळवंट वाटतं, प्रत्यक्षात दोन एकरांहूनही कमी. पण रंग खरे आहेत. बेसाल्ट कुजून त्याची चिकणमाती झाली, पावसानं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, उरली लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल-तपकिरी लोखंडाचे, निळसर-जांभळे ॲल्युमिनियमचे. गवत उगवत नाही ते त्यामुळेच. भर दुपारी डोक्यावर ऊन आलं की सगळं एकाच विटकरी रंगाचं दिसतं. तिरपं ऊन हवं, आणि आदल्या रात्री सर पडली असेल तर उत्तमच. त्यामुळे बारा वाजता पोचणार असाल तर आधी गावात जेवा, माती तीननंतर बघा. शेजारी महाकाय कासवं आहेत, लेक तिथून हलणार नाही.

उतरताना केस नोयालची वळणावळणांची वाट घ्या. डावीकडे ल मॉर्न आणि खाली खाजण, म्हणजे प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी दिसतं, सबंध दिवसातला सर्वांत देखणा तुकडा तो.

ढगाळ दिवस पोर्ट लुईस आणि पाँपलमूसच्या बागेला द्या. बाग सपाट आहे आणि तिथली परातीएवढी कमळपानं ढगातही तशीच दिसतात.

उजवं_वळण

गाडीचं सांगतो. वाहतूक डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, पाट्या वाचता येतात. भारतात चालवणाऱ्याला हात बसायला वेळ लागत नाही. लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या, गाडी देणारे आणि विमावाले दोघंही गप्प बसतात.

अडतं ते दुसरीकडे. पहिलं, राउंडअबाउट: आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं असतं आणि तिथे ते खरोखर पाळतात. दुसरं, ऑगस्टात ऊसतोड चालू असते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, समोरून मोळ्यांनी लादलेला ट्रक आणि बाजूला उतरायला साइडपट्टीच नाही. तिसरं, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि गावांबाहेर दिवे नसतात. पाचला परतीला लागा. शामारेलचा उतार ऑटोमॅटिक गाडीनं उतरताना गिअर खालचा टाका; नुसत्या ब्रेकवर उतरलं की तळाशी जळका वास येतो. पोर्ट लुईस सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी साडेतीन ते सहा टाळा. हमरस्त्यांवर वेगाचे कॅमेरे आहेत.

तुमच्यासारख्या कुटुंबाला मी दक्षिणेच्या दिवशी ड्रायव्हर सुचवेन, म्हणजे दरी बघायला तुम्हीही मोकळे. बाकी दिवस भाड्याची गाडी. ड्रायव्हर ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: पूर्ण दिवसाची रक्कम, थांबण्याचा वेळ त्यात धरलाय का, आणि "दुकानं नाहीत". शेवटचं सांगितलं नाही तर लाकडी जहाजांचा कारखाना आणि करमुक्त दागिने यांत दीड तास जातो, आणि तो नेमका सकाळचा स्वच्छ आभाळाचा दीड तास असतो.

पाऊलवाट

हे वाऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. टूरवाल्याचा साऊथ टूर चौथ्या दिवशी पक्का आहे, तो मोकळा करून घेतो. इल ओ सेर्फ आणि डोंगराचं कुणी सांगेल का?

दर्या_कातळ

इल ओ सेर्फ पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. पांढरी वाळू, निळंशार उथळ पाणी, सगळं खरं. पण ऑगस्टात जोराचा वारा असला की वाळू पोटऱ्यांना टोचते आणि स्पीडबोट लाटेवर आपटत जाते. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यानं स्पीडबोट घेऊच नये. त्रू दो दूसहून साधी फेरीबोट मिळते ती घ्या, आणि बसा मागच्या बाजूला. पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं. चढता-उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागू शकतो, हेही आईंना आधी सांगा. धबधबा, जेवण, पॅरासेलिंग असं एकत्र पॅकेज असेल तर वेळ बोटीत जास्त आणि बेटावर कमी जातो.

मी असतो तर ऑगस्टात पूर्व सोडून पश्चिमेचं इल ओ बेनितिए धरलं असतं. डोंगराच्या आडोशाला असल्यानं पाणी शांत, तुमच्या हॉटेलहून जवळ, आणि ल मॉर्न समुद्रातून दिसतो तो वेगळाच. कॅटामरान घ्या: रुंद, कमी डुलणारी, सावली असलेली. बऱ्याच बोटी सकाळी तामारँच्या उपसागरात डॉल्फिन दाखवतात. रात्रभर शिकार करून ते तिथे विसाव्याला येतात, त्यामुळे दहा बोटींनी घेरलं की निघून जातात. लांबूनच इंजिन मंद करणारा नावाडी निवडा. जुलै ते ऑक्टोबर त्या बाजूला कुबड असलेले देवमासेही येतात. नशीब असेल तर फवारा दिसतो.

पोहायचं असेल तर आधी प्रवाळाची रेघ शोधा. किनाऱ्यापासून लांब पांढऱ्या फेसाची ओळ दिसते तो कट्टा; त्याच्या आतलं पाणी लेकीसाठी ठीक. जिथे फेस तुटलेला दिसेल तिथे खाच असते आणि ओहोटीला सगळं पाणी त्या खाचेतून बाहेर ओढलं जातं. तिकडे जायचं नाही. दक्षिणेला ग्री-ग्रीला कट्टाच नाही, लाटा थेट कड्यावर येतात. ती जागा बघायची, उतरायची नाही.

पायात जाड तळव्याचे रबरी बूट सगळ्यांना, हॉटेलसमोरही. काळे काटेरी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश, दोन्ही उथळ पाण्यात असतात. स्टोनफिशचा काटा लागला तर बर्फ नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, त्यानं वेदना उतरते, आणि लगेच दवाखाना. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या माणसानं हात घालून बघायचं, दुखऱ्या पायाला ते कळत नाही.

प्रवाळ बघायला ब्लू बे. तळाला काच असलेल्या बोटीतून आईबाबांनाही दिसेल. दुपारी अकरा ते दोन, ऊन डोक्यावर असताना जा. तिरप्या उन्हात पाण्यावर चकाकी येते आणि काचेतून धूसर दिसतं. म्हणजे शामारेलच्या बरोबर उलट.

समुद्रातला धबधबा: पाणी कुठेही पडत नाही. ल मॉर्नच्या टोकाजवळ वाळू आणि गाळ प्रवाहानं कट्ट्याच्या कडेवरून खोल उतारावर सरकतो, उथळ फिकट आणि खोल गडद रंगांमुळे वरून धबधबा वाटतो. दिसतो हेलिकॉप्टर किंवा विमानातूनच. बोटवाला "दाखवतो" म्हणाला तर हसून सोडा.

आता डोंगर. उंची ५५६ मीटर, पण वाट साधारण ५०० मीटरवरच्या क्रुसापाशी संपते, माथ्यावर जाता येत नाही. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास. पहिला तास रुंद गाडीवाट, तिथल्या सपाटीवरून खाजण दिसतं. बरेच लोक तिथूनच फिरतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. त्यापुढे उभा कातळ, हातापायांनी चढायचा, काही ठिकाणी दोर. कातळ आपल्या सह्याद्रीचाच, बेसाल्ट, त्यामुळे हाताला ओळखीचा वाटतो आणि तिथेच फसगत होते: वर्षानुवर्षांच्या पावलांनी धरायच्या जागा गुळगुळीत झाल्यात. रात्री पाऊस झाला असेल तर पहिल्या सपाटीवरून परत. चढणारे सहसा चढताना नाही, उतरताना घसरतात. दोराला लोंबकळू नका, तो तोल सावरण्यापुरता. फाटक उघडल्याबरोबर सुरुवात करा, माणशी दोन लिटर पाणी, वर सावली नाही.

पळालेल्या गुलामांनी या कड्यांत आसरा घेतला होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई आले, तेव्हा ते पकडायलाच आलेत असं वाटून अनेकांनी खाली उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. २००८ पासून जागतिक वारसा आहे. क्रुसापाशी स्पीकर लावू नये एवढं तरी.

वाटाण्याची_उसळ

शाकाहारी मंडळींचं पोट सांभाळते ती ढोल पुरी. भोजपुरी गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची दालपुरी: डाळीचं पुरण भरलेली, रुमालासारखी मऊ. नेहमी जोडीनं देतात. दोन पुऱ्या एकावर एक, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय (मसालेदार रस्सा), वर हिरव्या मिरचीचा ठेचा. कागदात गुंडाळून हातात. "मिरची थोडी" हे उसळ घालायच्या आत सांगा, हात फार चपळ असतो. "सां लाव्यान" म्हणजे मांसाशिवाय. त्यात मासा धरलेला असेलच असं नाही, तो वेगळा विचारा. सोबत गातो पिमा, म्हणजे आपला डाळवडाच. लेकीला अननस द्या: देठ धरून सोलतात, डोळे तिरप्या खाचांनी कोरून काढतात, देठासकट कांडीसारखा खायला देतात. तिखट-चिंचेचं पाणी नको असेल तर तेही आधी सांगा.

पोर्ट लुईसला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर उतरायचे ती जागा, चुकवू नका. आत शिरताना दगडी पायऱ्या आहेत. १८३४ पासून आलेल्या मजुरांपैकी असंख्य पावलं त्यावरून वर गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. म्हणूनच तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. बाबांना मॉरिशियन नोटही दाखवा, रक्कम देवनागरीतही छापलेली आहे.

सामानात: ब्रिटिश धर्तीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग; आईबाबांच्या औषधांची चिठ्ठी, औषधं मूळ पाकिटात; आणि कढीपत्ता, ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पाऊलवाट

ठरलं: पूर्व किनारा रद्द, बेनितिए कॅटामराननं, दक्षिण आभाळ बघून. डोंगर पहिल्या सपाटीपर्यंत, पुढचं कातळ कोरडा असेल तर. ढोल पुरी संध्याकाळी हॉटेलवर परतताना घेता येईल ना?

वाटाण्याची_उसळ

नाही. तो सकाळचा आणि दुपारच्या जेवणाचा माल. गाडीवरचा काचेचा डबा दोन-अडीचपर्यंत रिकामा होतो. उशीर झालाच तर फराटा मागा, म्हणजे डाळ न भरलेला साधा पराठा. उसळ तीच असते.