जाहिरातीतली त्वचा आणि माझी बहीण

चाफेकळी:
माझी धाकटी बहीण १९ वर्षांची आहे. हल्ली फोटो काढला की आधी झूम करून गालावरचे डाग बघते, मग दंड बघते आणि लगेच डिलीट. काल आरशासमोर आडवी उभी राहून पोट आत ओढून धरलं होतं, मी मागे आलेय हेही तिला कळलं नाही. मोबाईलवर सतत स्किनकेअर नाहीतर वजन कमी करायच्या जाहिराती. मी म्हटलं अगं ते एडिट केलेलं असतं, तर म्हणे "माहितीये गं ताई, पण तरी वाटतंच ना." जाहिरातींचा खरंच एवढा परिणाम होतो की वयच असं असतं?

रानवारा:
वय असतंच, पण नुसतं वय नाही. फिजीत जाडजूड असणं चांगलंच समजायचे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही नुकताच आला होता तेव्हा अॅन बेकर या संशोधक बाईंनी शाळकरी मुलींना विचारलं, वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये परत विचारलं तर ११.३ टक्के! टीव्ही म्हणजे जाहिरातींबरोबर मालिकाही आल्या, पण पडद्यावरच्या बायका बघून शरीराबद्दलचं मत किती पटकन फिरतं बघ.

शब्दवेडी:
"एडिट केलंय" सांगून फारसा उपयोग होत नाही गं. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक-जाड केलेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेतही २०२२ पासून आहे, पण अशी सूचना लावून जे प्रयोग झाले त्यातल्या बहुतेकांत मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काही बरं वाटलं नाही, कारण तुलना आधीच होऊन गेलेली असते. आणि मला तर जास्त त्रास याचा वाटतो की मुलगी स्वतःकडे बाहेरून बघायला लागते, वर्गात बसलीये तरी लक्ष हनुवटी कशी दिसतेय याच्यावर.

ओलीमाती:
मी यातून गेलेय. आई दिवसातून दहादा "छान दिसतेस" म्हणायची, तिचं प्रेमच होतं, पण विषय परत दिसण्यावरच यायचा. बरं वाटायला लागलं ते पोहायला जायला लागल्यावर, खांदे रुंद झाले आणि पहिल्यांदा ते आवडले कारण त्यांच्यामुळे मी पुढे जात होते. ती अकाउंट्स एकत्र बसून अनफॉलो करा, जाहिरात दिसली की "नको" दाबा. पण ती जेवण टाळत असेल किंवा जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल तर वाट बघू नकोस, डॉक्टरांकडे ने.

चाफेकळी:
रात्रीचं जेवण टाळते ती, "भूक नाही" म्हणते. हे मी यात धरलंच नव्हतं. आज तिच्याशी बोलते.