मदत हवी आहे: पुरानंतर चौथीतला मुलगा अभ्यासात फार मागे पडलाय, घरी नेमकं काय करू?

नमस्कार मंडळी,

इथलं बरेच दिवस नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही माढा तालुक्यात सीनाकाठच्या एका गावात राहतो. मोठी मुलगी नववीला, धाकटा झेडपीच्या शाळेत चौथीला. प्रश्न धाकट्याचा आहे पण मोठीचं सांगितल्याशिवाय मी एवढी का घाबरलेय ते कळायचं नाही, म्हणून जरा लांबेल.

सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा पूर तुम्ही बातम्यांत बघितलाच असेल, लांबोटीला सोलापूर-पुणे हायवेवर पाणी आलं होतं तोच. आमची सीना एरवी उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी, वरून पाऊस आणि त्यात सीना-कोळेगाव धरणाचं पाणी सुटलं, रात्रीत सगळं शिवार पाण्याखाली. शाळा नदीच्या अंगाला आहे, तिथं फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पाणी होतं, भिंतीवर रेघ अजून दिसते. पोषण आहाराचा तांदूळ, कपाटातली पुस्तकं, टीव्ही सगळं गेलं. आमच्या घरातही पाणी शिरलं, आम्ही आठ दिवस वरच्या वस्तीवर चुलत सासऱ्यांकडे होतो, पोराचं दप्तर वाहून गेलं आणि सोयाबीन तर जागेवर कुजलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शाळा बुडाली की लाल गोल करत गेले, कारण मला कळेना की रोज काही ना काही होतंय पण नेमकं किती गेलं. पूर आणि नंतर गाळ काढणं यात शाळेचे १३ दिवस. मग शाळा चार दिवस भरली न भरली तोच दिवाळीची सुट्टी, ती ठरलेलीच असते, तिच्याबद्दल तक्रार नाही. नोव्हेंबरपासून निवडणुकीचं सुरू झालं. शाळा दोन शिक्षकी, पट २३. एक सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, आहेत, दुसऱ्यांना कुर्डुवाडीला नगरपालिकेची ड्युटी लागली, आधी ट्रेनिंग, मग २ डिसेंबरचं मतदान. ५ डिसेंबरला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि संचमान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणं) यांच्या विरोधात शिक्षकांनी राज्यभर शाळा बंद ठेवल्या होत्या. असे पूर्ण बुडालेले दिवस १७ आणि एकच सर असलेले दिवस ११ झाले. एकाच सरांकडे चार वर्ग असले की चौथीला "पान नंबर अमुक उतरवून काढा" एवढंच होतं, त्याला मी शाळा भरली असं धरत नाही.

मला सरांना दोष द्यायचा नाही. पुरात दोघंही गुडघाभर चिखलात शाळा धूत होते, स्वतःच्या खर्चाने वह्या आणल्या. मी शिक्षण हक्क कायद्यातलं वाचलं, पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे असं आहे, आणि त्याच कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या तीन कामांना शिक्षक नेता येतो असंही आहे. म्हणजे प्रत्येक सुट्टीला कारण खरंच आहे, पण पोराच्या डोक्यातून जे गेलं त्याचा हिशोब कुणाकडेच नाही.

आता मोठीचं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत होती. घरात फोन एक, तो यांच्याबरोबर शेतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला गावाकडं पाचवीपासूनचे वर्ग उघडले तेव्हा ती एकदम पाचवीत जाऊन बसली, चौथी तिने शाळेत केलीच नाही. मधे बुडालेलं भरून काढायला सेतू अभ्यासक्रमाच्या पीडीएफ आल्या होत्या, त्या बघायला फोन रात्री मिळायचा आणि तोवर ती झोपलेली. आम्हाला वाटलं, सगळ्याच पोरांचं गेलंय, हळूहळू भरून निघेल. निघालं नाही हो. नववीत आहे, पाठांतर चांगलं, कष्टाळू आहे, पण अपूर्णांक आला की अजून अडते आणि गणिताच्या आदल्या दिवशी जेवत नाही. पुढच्या वर्षी दहावी. तेव्हा मी चौथीचं पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसले असते तर, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून धाकट्याच्या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलंय.

धाकटा जूनमध्ये बरा होता, हातच्याची वजाबाकी करायचा. आता पाढे ६ च्या पुढे विसरलाय, वाचताना जोडाक्षर आलं की शब्द गाळतो. आणि शाळा बंद असली की दुपारचं जेवण पण बंद, आम्ही दोघं डाळिंबाच्या बागेत कामाला, मग मोठी तिची शाळा बुडवून त्याच्याजवळ थांबते. असे तिचे ५ दिवस गेलेत. एकाची शाळा बुडाली की घरात दुसऱ्याची पण बुडते हे कुणाच्या हजेरीत दिसत नाही.

माझी बार्शीची नणंद म्हणतेय जानेवारीपासून त्याला माझ्याकडे ठेव, तिथं शाळा रोज भरते. मन होतं. पण आमचा पट २३, दोघं तिघं असे गेले तर संचमान्यतेत एक शिक्षक जायचा आणि मग मागे राहिलेल्या पोरांचं काय. हे तू एकटीने बघायचं का, असं हे म्हणतात, ते पण खरंय. ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात बीडकडनं, त्यांची चार पोरं सर वर्गात बसवून घेतात, त्यांची तर दरवर्षीच दिवाळीनंतर गावची शाळा सुटते. त्यांच्याकडे बघितलं की वाटतं आपलं निदान घर एका जागी आहे.

तर विचारायचं असं की, १) तो नेमका कुठं मागे आहे हे घरी कसं कळणार? २) रोज संध्याकाळी मला पाऊण तास मिळतो, त्यात आधी काय घेऊ, गणित की वाचन? ३) वर्षाच्या मधेच शाळा बदलली असेल कुणी तर पोर रुळलं का? मी बारावी झालेय, चौथीचं शिकवू शकते. क्लास लावायची आत्ता ऐपत नाही.

*अपडेट (चार दिवसांनी):*

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ज्या शिक्षिका ताईंनी 'असर'ची (गावाकडच्या पोरांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी) चाचणी सांगितली ती केली: आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट, आणि गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी भागिले एक अंकी. उतारा वाचला, गोष्टीत अडखळला. वजाबाकी दोन्ही बरोबर आली, भागाकार नाही. मला वाटत होतं त्याला काहीच येत नाही, तसं नाहीये, हे कळून रात्री नीट झोप लागली. बालभारतीचं चौथीचं गणित ज्यांनी फोनवर फुकट उतरवून घ्यायला सांगितलं त्यांचेही आभार, उतरवलं.

आता क्रम असा धरलाय: १५ मिनिटं मोठ्याने वाचन, मोठीच त्याला वाचायला बसवते, मग पाढे, मग भागाकार. चिंचोके वाटून करायचं सांगितलं होतं ते फार चांगलं लागू पडलं, ४७ चिंचोके ५ वाट्यांत त्याने स्वतः वाटले आणि "२ उरले" म्हणून ओरडला. सरांना पण सांगितलं, ते म्हणाले वाडीतल्या अजून तीन पोरांना पाठवतो, चालेल का. चालेल म्हटलंय, कालपासून चौघं बसतात अंगणात.

नणंदेला अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. मधेच शाळा बदललेल्यांपैकी फक्त एकांनीच लिहिलंय, अजून कुणी असेल तर लिहा प्लीज, विशेषतः पोर नातेवाइकांकडे ठेवलं असेल तर.

आणि एक अडलंय. ६१२ भागिले ३ दिलं की तो २४ लिहितो. १ ला ३ चा भाग जात नाही म्हणून तो सरळ पुढचा २ खाली घेतो आणि मधलं शून्य लिहायचं राहतं. चौघांपैकी तिघं हेच करतात. मी "शून्य लिही" म्हणते पण का लिहायचं ते मला त्यांना पटेल असं सांगता येत नाही, चिंचोके ६१२ कुठून आणू. शेकडा-दशक-एककाचं काही करून दाखवता येईल का? कुणी वर्गात शिकवताना कसं करता ते सांगाल का, मी रात्री ८ नंतर बघते.