मुलीचा ताबा मागावा की आधी भेट मागावी?

प्रश्न

मी पुण्यात नोकरी करतो. दिवाळीच्या सुट्टीत पत्नी आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली, ती परत आली नाही. जानेवारीत तिने मुलीचा दाखला काढून तिला तिकडच्या शाळेत घातले, हे मला शाळेच्या रिक्षावाल्या काकांकडून कळले. पूर्वी रोज रात्री फोन होत असे. गेले सहा आठवडे ‘ती झोपली आहे’ एवढेच उत्तर मिळते. तिचा पुढचा दात हलत होता, तो पडला की नाही हेही मला ठाऊक नाही. मला घटस्फोट नको आहे. नातेवाईक म्हणतात की बाप हाच पहिला नैसर्गिक पालक, शिवाय मुलगी पाच वर्षांच्या वरची, तेव्हा सरळ ताब्याचा दावा लावावा किंवा एके दिवशी शाळेबाहेरून तिला घेऊन यावे. दावा पुण्यात चालेल की साताऱ्यात?

उत्तर १ (कुटुंब न्यायालयात वकिली करणारा)

शाळेबाहेरून मुलीला आणण्याचा विचार मनातून काढून टाका. त्या एका दुपारची किंमत पुढच्या प्रत्येक अर्जात मोजावी लागते.

नातेवाईक सांगतात ते अर्धेच खरे आहे. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6मध्ये वडिलांचे नाव आधी आहे आणि पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावे असेही म्हटले आहे; पण त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वांत वर ठेवते, त्यामुळे पाचवा वाढदिवस झाला म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999च्या गीता हरिहरन निकालानंतर तर कलम 6मधल्या ‘वडिलांनंतर आई’ या शब्दांचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असाही राहिलेला नाही.

1890च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथे करायचा असतो. मुलगी नुकतीच नेलेली असताना पुण्याचा आग्रह धरता आला असता. आता शाळाही तिकडची झाल्यामुळे दर महिन्याला तुमची बाजू कमजोर होत जाईल. दुसरा मार्ग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26चा, म्हणजे त्या कायद्याखाली चालू असलेल्या प्रकरणातच मुलीचा ताबा किंवा भेट मागण्याचा. घटस्फोट नको असेल तर कलम 9खाली सहजीवनाच्या पुनःस्थापनेची (पत्नीने पुन्हा नांदायला यावे अशी) याचिका, तुम्ही दोघे शेवटचे पुण्यात एकत्र राहिला असाल तर, पुण्यात करता येते आणि तिच्यातच मुलीच्या भेटीचा अंतरिम अर्ज देता येतो. मात्र प्रकरण साताऱ्याला हलवावे म्हणून पत्नीने उच्च न्यायालयात बदलीचा अर्ज केला तर अशा प्रकरणांत बहुधा तिची सोय पाहिली जाते, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

उत्तर २ (नागपूरचा एक बाप)

मी तुमच्या नातेवाइकांसारख्यांचेच ऐकले होते. थेट ताबा मागितला, दीड वर्ष लेखी म्हणणे आणि तारखा यांत गेले, आणि त्या काळात मुलाची भेट एकदाही झाली नाही. नंतरच्या वकिलांनी अंतरिम भेटीचा अर्ज दिला तेव्हा कुठे न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दोन तास मिळाले.

पहिल्या भेटीत तो आजीचा पदर सोडायला तयार नव्हता आणि मी मूर्खासारखे विचारले, “आई माझ्याबद्दल काय सांगते?” समुपदेशक बाईंनी मला बाहेर बोलावून चांगलेच सुनावले. पुढच्या वेळी मी फक्त खडू आणि कागद नेले, जमिनीवर बसून ट्रॅक्टर काढत राहिलो. तासाभराने त्याने माझ्या हातातला खडू घेतला, कारण माझ्या ट्रॅक्टरची मागची चाके लहान झाली होती.

भेट मिळत नाही म्हणून पोटगी किंवा शाळेची फी अडवू नका. मी तीन महिने अडवली होती आणि उलटतपासणीत माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

उत्तर ३ (निवृत्त विवाह समुपदेशक)

अर्जात ‘वेळोवेळी भेट मिळावी’ असे मोघम लिहू नका. वार, वेळ, ठिकाण, मुलीला कोण आणून सोडेल, उन्हाळ्याच्या सुट्टीतले दिवस, व्हिडिओ कॉलची वेळ, हे सगळे लिहून मागा. जो हुकूम मोघम असतो त्याची अंमलबजावणी मागताना घोटाळा होतो. दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉल मिळावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या यशिता साहू निकालात म्हटले आहे.

मुलाचे मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित केले जाते असा आरोप करताना 2017चा विवेक सिंग निकाल अनेक वडील पुढे करतात. त्या खटल्यात मूल वडिलांकडे होते आणि ताबा आईला मिळाला, एवढे वाचून मगच तो जोडा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. साताऱ्यातच अर्ज करायचे ठरवले आहे. बदलीच्या वादात आणखी सहा महिने घालवणे मला परवडणार नाही. आधी फक्त भेट आणि रात्री साडेसातचा कॉल मागतो. फोन न झालेल्या दिवसांच्या नोंदी आजपासून वहीत लिहायला घेतल्या आहेत. जुन्या कॉलचा तपशील मोबाइल कंपनीकडून मिळतो का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १ (तेच वकील)

पोस्टपेड असेल तर बिलातच असतो. लगेच उतरवून ठेवा. व्हॉट्सअॅपचे कॉल त्यात येणार नाहीत, त्यासाठी फोन जपा आणि त्यातले काहीही पुसू नका.