मदत हवी आहे: अमेरिकेतला जिऑलॉजी फील्ड कॅम्प, आणि मी आजवर फक्त आडवा बेसॉल्ट पाहिलाय

गारगोटी:
नमस्कार मंडळी. पुण्यात बीएस्सी जिऑलॉजी करून आता ओहायोत एमएस करतेय. प्रवेश देतानाच विभागाने अट घातली होती की फील्ड कॅम्प झालेला नाही, तो पदवीआधी पूर्ण करा. इथल्या मुलांचा तो बीएस करतानाच एका उन्हाळ्यात उरकतो: साधारण चार ते सहा आठवडे, रोज डोंगरात, प्रत्येकाने आपापला नकाशा काढायचा. आमच्या सहली हिवाळ्यात निघायच्या. सर खडक दाखवायचे, आम्ही वह्या भरायचो. नकाशा कुणीच काढला नाही.

त्यातून मी दख्खनची. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर लाव्हा, थरावर थर, सगळे जवळपास आडवे. सिंहगडावर रेड बोल (दोन लाव्हा थरांमधला लाल मातकट पट्टा) ओळखला तरी शाबासकी मिळायची. ओहायोत आले तर इथेही थर आडवेच! डिप-स्ट्राइक (थर किती कललाय आणि कुठल्या दिशेने पसरलाय) मी वर्गातल्या लाकडी फळीवर मोजलंय, बस्स.

दोन जागा डोक्यात आहेत. एक इंडियाना विद्यापीठाचं मोंटानातलं जडसन मीड स्टेशन (टोबॅको रूट डोंगर, १९४९ पासून). दुसरा मिशिगन विद्यापीठाचा कॅम्प डेव्हिस, १९२९ पासून वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळ. माझ्यासारख्या नवखीने कुठे जावं? फी आणि प्रवासाचा खर्च आहेच, वर सुट्टीत कॅम्पसवर पूर्णवेळ काम करून मिळणारा पगारही बुडणार. पुण्याहून आणलेला ब्रंटन (भूशास्त्रज्ञांचा कंपास) चालेल का? मी अंडं खाते, मांस नाही. (आई रोज अस्वलांबद्दल विचारते. त्यावर काही असेल तर तेही सांगा.)

डोंगरकाका:
आधी कंपास. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो, म्हणून आपल्याला डेक्लिनेशन लावायची सवयच नाही. मोंटानात तो फरक पूर्वेकडे दहा अंशांहून जास्त आहे. लावलं नाहीस तर तुझी प्रत्येक स्ट्राइक तेवढीच फिरलेली. शिवाय पुण्यात समतोल केलेली सुई तिथे उत्तर टोक खाली घालून घासत बसते. सुईवर तांब्याची बारीक तार असते, ती दक्षिण टोकाकडे सरकवावी लागेल. ते जमणार नसेल तर सरळ विभागाकडून कंपास उसना घे.

जागा दोन्ही उत्तम. तुझं ऐकून मी मोंटाना म्हणेन. प्राचीन नाइस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक), त्यावर चुनखडक-वाळूखडक-शेल, घड्या, फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या भेगा), मध्ये घुसलेला क्रेटेशियस काळातला बॅथोलिथ (जमिनीखाली थिजलेल्या मॅग्माचा प्रचंड गोळा), सगळं त्याच परिसरात. पण अर्ज करण्याआधी विभागाकडून क्रेडिट मान्य असल्याचं लेखी घे आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) साठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातही विचारून ठेव.

चुनखडी:
गारगोटी, कॅम्पची वाट बघू नकोस. मेरीलँडमध्ये आय-६८ महामार्गासाठी साइडलिंग हिल कापलाय, तिथे अख्खी सिंक्लाइन (थरांची खाली वाकलेली घडी) उघडी पडली आहे. ओहायोतून गाडीने एका दिवसात गाठता येईल. एकदा ती बघ, मग टोपोशीटवर (उंचीच्या रेषांचा नकाशा) थर दरी ओलांडताना व्ही कुठल्या दिशेला काढतात याचा सराव कर. पहिल्या आठवड्यात मुलं इथेच अडकतात, चालण्याने नाही.

पैशांसाठी जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका आणि नॅशनल असोसिएशन ऑफ जिओसायन्स टीचर्स या दोन्हींच्या फील्ड कॅम्प शिष्यवृत्त्या बघ. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अटी नीट वाच.

जेवणाचं अर्जातच स्पष्ट लिही. तरी मेतकूट आणि लोणचं ने! बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा फवारा) मात्र विमानात चालत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये. तिथे पोचल्यावर घ्यायचा. आईला सांग, वीसजण बडबडत चालत असले की अस्वलं स्वतःच वाट बदलतात. मला दुपारच्या विजांची भीती जास्त वाटायची. ढग दिसले की कड्यावरून खाली उतरायचं, नकाशा अर्धा राहिला तरी.

गारगोटी:
काका, आत्ताच ब्रंटन उघडून बघितला, तार खरंच आहे! विभागाला उद्या मेल करते. चुनखडी, माझ्याकडे गाडी नाही. कोलंबसकडून एप्रिलमध्ये साइडलिंग हिलला कुणी जाणार आहे का? पेट्रोल निम्मं माझं.