मुंबईच्या उकाड्यात अँपुलेरिया
घटपर्णी म्हणजे घटासारख्या सापळ्यांत किडे पकडणारी वनस्पती. 'घटपर्णीला रात्री गारवा लागतोच, म्हणून मुंबई-कोकणात व्हेंट्राटाशिवाय काही टिकत नाही' असं एक मत ऐकायला मिळतं, ते मला अर्धंच पटतं. व्हेंट्राटा ही संकरित घटपर्णी चिवट आहे, प्रश्नच नाही. पण गारव्याची अट डोंगरावरच्या जातींची. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरची 'राजा' ही जात इथल्या गॅलरीत जगवणं कठीणच. बोर्निओ, सुमात्राच्या सखल, दमट जंगलांतल्या जातींना मात्र आपल्या उकाड्याच्या रात्री मानवतात, आणि त्यांत माझी सगळ्यात लाडकी अँपुलेरिया.

 तिच्या बुडाशी गोल, बुटक्या घटांचा गुच्छ येतो आणि प्रत्येकाचं चिंचोळं झाकण मागे वळलेलं असतं. तोंड उघडंच, त्यामुळे वरच्या झाडांची पानं थेट आत पडतात. घटातल्या अळ्या आणि जिवाणू ती कुजवतात. २००३ च्या एका अभ्यासात तिच्या पानांतला सुमारे एक तृतीयांश नायट्रोजन या पालापाचोळ्यातून आलेला आढळला. किडे पकडण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कुळात हे मला फार विलक्षण वाटतं! म्हणून मी कुंडी मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत ठेवते आणि घटात पडलेली पानं काढत नाही. पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरचं क्षारयुक्त पाणी नकोच. कुंडीत भरायचे नारळाच्या सोडणाचे तुकडे आधी भरपूर धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं.

आणि मेघालयातली खासियाना, भारतातली एकमेव रानटी घटपर्णी, घ्यायची असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. रानातून उपटलेलं रोप कितीही स्वस्त मिळालं तरी नको.