वॉर्डातलं इंग्रजी कळत नाही, फ्रेझल व्हर्बसाठी पुस्तक घेऊ की क्लास लावू? सल्ला हवाय

सांगलीची_पोर
नमस्कार मंडळी. मिरजेत सात वर्षं आयसीयूत काम केलं आणि आता पाच महिने झाले इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, पहिल्या फटक्यात पास झाले, औषधं, रिपोर्ट, डॉक्टरांचं बोलणं सगळं कळतं, अडतं ते पेशंटच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बोलण्यात. शब्द सगळे सोपेच असतात, कम, गो, पुट, गेट, अप, डाउन, दुसरीतल्या पोरालाही येतील असे, पण दोन जोडून आले की अर्थ भलतीकडेच जातो, यांनाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

परवा ऑपरेशननंतर गुंगीत असलेल्या एका आजोबांच्या लेकीचा फोन आला, "हॅज ही कम राउंड येट?" आपल्याकडे डॉक्टरांचा राउंड असतो ना, मला वाटलं तेच विचारतेय, मी म्हटलं येस, अ‍ॅट टेन. ती आनंदाने रडायलाच लागली. शेजारच्या नर्सने ऐकलं, फोन घेतला आणि तिला समजावलं की ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. आजोबा संध्याकाळी शुद्धीवर आले, आता बरे आहेत, पण त्या पाच मिनिटांत त्या बाईला काय वाटलं असेल ते माझ्या मनातून जात नाही.

नेटवर हजार हजारच्या याद्या आहेत, नुसत्या गेटचं एक अख्खं पान. ड्यूटी बारा तासांची, घरी आल्यावर पाठांतर होत नाही. कुणी हे सगळं पार केलंय का, नक्की कुठून सुरुवात करू?

पुस्तकवेडा_नाशिक
ताई, हजारच्या याद्या आधी बाजूला ठेवा. गार्निए आणि श्मिट या दोन भाषा-अभ्यासकांनी २०१५ मध्ये १५० फ्रेझल व्हर्बची यादी केलीय, खरोखर जास्त वापरले जाणारे तेवढेच, आणि प्रत्येकाचे नेहमी लागणारे अर्थ, सरासरी दोनच. पहिल्या नंबरावर गो ऑन आहे, मग पिक अप, कम बॅक वगैरे. ही यादी नेटवर सापडते. पुस्तकच हवं असेल तर केंब्रिजचं मॅकार्थी आणि ओडेल यांचं इंग्लिश फ्रेझल व्हर्ब्स इन यूज घ्या, डाव्या पानावर समजावलेलं आणि उजव्या पानावर सराव, एका बैठकीत एक धडा होतो. इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशी दोन आहेत, तुम्ही पहिलंच घ्या. क्लासला पैसे घालू नका असं माझं मत.

कोल्हापुरी_मास्तर
मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, माझा अनुभव सांगतो. या गोष्टीला आपण परकं समजतो तिथेच चुकतो. मराठीत बघा, बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकलं, बोलून दाखवलं. बोलणं तेच, पण मागचा शब्द बदलला की कुठे पश्चात्ताप येतो, कुठे सुटका येते, कुठे मुद्दाम केलेलं येतं. आणि यातल्या टाकमध्ये फेकणं कुठेय? परक्या माणसाने शब्दकोशात टाकणं बघितलं तर त्याला खाऊन टाक कधीच कळणार नाही. ईट अप म्हणजे आपलं खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपवणं, तिथला अप वर नेत नाही, काम पुरं करतो. मुलांना हे सांगितलं की त्यांची भीती निम्मी जाते, कारण ही युक्ती त्यांच्या तोंडात जन्मापासून आहे, फरक एवढाच की आपल्याकडे मागे क्रियापद येतं आणि इंग्रजीत दिशेचा छोटा शब्द.

आता जिथे आपली मराठी उपयोगी पडत नाही ते सांगतो. इंग्रजीत कर्म मध्ये घुसू शकतं. टर्न ऑफ द पंप चालतं, टर्न द पंप ऑफ पण चालतं, पण पंपाच्या जागी इट आलं की ते मध्येच बसवायचं, टर्न इट ऑफ. टर्न ऑफ इट कानाला लगेच खटकतं. उलट लुक आफ्टर फुटत नाही, लुक आफ्टर हिमच म्हणायचं. कुठला फुटतो कुठला नाही हे पाठ करू नका, ऑक्सफर्डच्या विद्यार्थी शब्दकोशात फुटणाऱ्यांच्या मध्ये दोन्हीकडे तोंड असलेला बाण असतो, तो बघायची सवय लावा.

आणि कान. टर्न इट ऑफमध्ये जोर ऑफवर येतो, लुक अ‍ॅट इटमध्ये लुकवर. "हॅज ही कम राउंड" म्हणतानाही जोर राउंडवर असतो. छोट्या शब्दावर जोर ऐकू आला की समजा, इथे अर्थ बदललेला असू शकतो, आणि लगेच उत्तर देऊ नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त अडचण याच प्रकाराची होते. तेव्हा हे तुमचं एकटीचं दुखणं नाही.

यॉर्कशायर_वहिनी
अगं पोरी, मी चौदा वर्षं इथे वॉर्डावर आहे, तुझा फोनचा किस्सा वाचून पोटात गोळा आला. मी सांगते ते कर, यादी वगैरे नंतर. खिशात छोटी वही ठेव आणि पेशंट जे बोलला ते पूर्ण वाक्य लिही, पेशंटचं नाव अजिबात नको. सुटा शब्द लिहू नकोस, वाक्यच. आठवड्यात तुला दिसेल की तीच पंधरा-वीस फिरून फिरून येतात.

ही माझ्याकडून घे. आय कान्ट कीप एनीथिंग डाउन म्हणजे काही पोटात ठरत नाही, सगळं उलटतंय. थ्रो अप म्हणजे उलटी, आणि ब्रिंग अप पण, कफ बाहेर काढण्यालाही ब्रिंग अपच म्हणतात, म्हणून काय ब्रिंग अप केलं ते विचार. इट्स वेअरिंग ऑफ हे नीट ऐक, याचा अर्थ दुखणं कमी होतंय असाही होतो आणि भुलीचा किंवा औषधाचा असर उतरतोय म्हणजे दुखायला लागलंय असाही, दोन टोकं आहेत, म्हणून काय उतरतंय ते विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. फ्लेअर अप म्हणजे जुनं दुखणं उसळलं. पास अवे म्हणजे गेले. पास आउट म्हणजे चक्कर येऊन बेशुद्ध. आपण सरळ म्हणतो की मी २०१२ ची पासआउट, इथे तसं म्हणू नकोस, आय क्वालिफाइड इन म्हण.

स्टाफचे वेगळेच. ड्रॉ अप म्हणजे इंजेक्शन सिरिंजमध्ये भरणं, राइट अप म्हणजे डॉक्टरने औषध चार्टवर लिहून देणं, चेज अप द ब्लड्स म्हणजे रक्ताच्या रिपोर्टचा पाठपुरावा. आणि कोप अप विथ आपण सगळे म्हणतो, त्यात अप नाहीच, कोप विथ.

सगळ्यात महत्त्वाचं, परत विचारायची लाज नको. "डू यू मीन, इज ही अवेक?" एवढंच विचार. कुणी वाईट मानत नाही, उलट लेकीला बरं वाटलं असतं की ही नीट समजून घेतेय.

बेळगावकर_७७
मास्तरांचं बाकी सगळं पटलं, पण अप म्हणजे पुरं करणं हे सगळीकडे लावू नका. थ्रो अपमध्ये काय पुरं होतं? ग्रो अपमध्ये जरा बसतं, गिव्ह अपमध्ये ओढून ताणून. मी असले नियम शिकून शिकून अंदाज करायला लागलो आणि जास्त चुकलो. वहिनींचं वाक्य लिहायचं काम खरं.

कोल्हापुरी_मास्तर
बरोबर आहे तुमचं. अंदाज करण्यासाठी नको, कळलेलं लक्षात राहावं म्हणून ते वापरा. आधी वाक्यावरून अर्थ, मग आपली मराठी जोडी.

सांगलीची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तक मागवलंय, वही केलीय. वहिनी, तीन रात्रपाळ्यांत सत्तावीस वाक्यं जमली, त्यातली कीप डाउन एकटी पाच वेळा. कम राउंडचे आत्ताच तीन अर्थ लिहिलेत, शुद्धीवर येणं, घरी येणं आणि आधी नाही म्हणणारा शेवटी तयार होणं. मास्तर, जोर ऐकायची युक्ती फोनवर फार कामाला येतेय. काल एकीने विचारलं, "हॅज ही केप्ट हिज टी डाउन?" मी थांबले, परत विचारलं आणि नीट सांगितलं की हो, चहा पोटात ठरलाय.

यॉर्कशायर_वहिनी
शाब्बास. फक्त एक, इकडे उत्तरेत टी म्हणजे बरेचदा संध्याकाळचं जेवण. तिने जेवणाबद्दल विचारलं असेल, आज ड्यूटीवर गेलीस की आधी चार्ट बघून घे ते जेवले होते का, आणि तिला एक फोन कर.